दुसरं तिकीट

पालकसभा आटोपते, चहाचे कप गोळा व्हायला लागतात आणि कोणीतरी मला हाताला धरून वऱ्हांड्याच्या टोकाला नेतो. बहुधा वयानं मोठा माणूस असतो आणि विचारतोही कळवळ्यानंच. "भाऊ, पण नेमकं केलं काय होतं त्या कबड्डीच्या सरानं?"

मी सांगत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, ती केव्हाच गेली. पण तपशील कळला की ऐकणाऱ्याचं काम झालं, असं मी फार वेळा पाहिलं आहे. तो "अरेरे" म्हणतो, मेलेल्या माणसाला दोन शिव्या हासडतो आणि घरी जाऊन झोपतो. म्हणून मीच उलट विचारतो. तुमच्या शाळेचा संघ जिल्ह्याला गेला की रात्री कुठं थांबतो? पोरांसोबत कोण असतं? मैदानाच्या कडेला साहित्याची खोली आहे, तिची चावी कोणाकडे? तुमच्या मुलीचं प्रमाणपत्र तुमच्या पेटीत आहे की दुसऱ्याच्या कपाटात? विचारणारा गप्प होतो. ठाऊकच नसतं.

मी कबड्डी खेळायचो, उजव्या कोपऱ्यावर. ज्या माणसानं आमचा संघ घडवला त्यानंच मी सातवीत असल्यापासून माझा लैंगिक छळ केला. माझ्या बरोबरीच्या आणखी काही पोरांचाही. एवढी वाक्यं मी चारचौघांत बोलतो, त्यापुढे जात नाही. माणूस हयात नाही. शाळेचं नाव घेऊन आज तिथं शिकणाऱ्या पोरांच्या कपाळी शिक्का मारायची माझी इच्छा नाही. तसाही शिक्के मारणं हा माझा धंदाच आहे. मी गावातल्या शाखा डाकघरात असतो. अर्धा दिवस खिडकीवर, अर्धा दिवस आजूबाजूच्या खेड्यांत. टपाल, आरडीचे हप्ते, निराधारांचे पैसे, अंगठे. दहा वर्षांखालच्या मुलींची सुकन्या खाती काढतो, त्या निमित्तानं आया येऊन टेकतात, आणि बोलता बोलता गोष्ट पोरांच्या खेळावर आली की मी माझे प्रश्न पुढे सरकवतो. चळवळ, कार्यकर्ता वगैरे शब्द शहरातली माणसं माझ्यासाठी वापरतात. मी आपला डाक वाटता वाटता चौकशा करतो.

आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. जमीन काळी, भारी, पण विहिरीचं पाणी खारं. पिकाला द्यावं तर जमीनच बिघडते. त्यामुळे ओलित नाही. पावसावर कपाशी, तूर, सोयाबीन, मूग आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. घरात दोन भाऊ असले तर वावर दोघांना पुरायचं नाही, हे धाकट्याला मिसरूड फुटायच्या आधीच कळतं. मग वाट एकच दिसते, भरतीची. पोलीस, एसआरपी, मिलिटरी. पहाटे आमच्याकडच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर या, अंधारात पावलांचे आवाज येतात आणि मागून मोटरसायकलवर कोणीतरी शिट्टी फुंकत असतो.

खेळानं ही वाट थोडी सोपी होते. दहावी-बारावीला स्पर्धेच्या पातळीप्रमाणे २५ पर्यंत वाढीव गुण मिळतात. वरच्या पातळीवरचं पदक असेल तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के राखीव जागा आहेत. म्हणून आमच्याकडे पदक फोटोपुरतं असतं, जीव असतो प्रमाणपत्रात. आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या रांगेत त्या कागदापर्यंत कोण पोचणार हे गावपातळीवर एकच माणूस ठरवतो. बारा जणांत कोण, सातांत कोण, बाकावर कोण, प्रवेशिकेवर नाव कोणाचं, हे सगळं त्याच्या वहीत. एसटीनं संघ नेणार तो, शाळेच्या वर्गात नाहीतर मंगल कार्यालयात सतरंज्या टाकून झोपवणार तो, आणि परत आल्यावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा स्वतःच्या कपाटात ठेवणारही तोच. एवढा अधिकार गावात तलाठ्यालाही नसतो. हा माणूस देवमाणूस निघाला तर पोरांचं सोनं होतं. न निघाला तर त्याला अडवायला त्या वाटेवर कुठंही कोणी उभं नसतं.

खेळाबद्दल आमच्या वऱ्हाडाला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकानं परदेशी लोकांसमोर कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, ही गोष्ट आम्ही पोरंसोरं असताना पाठ होती. मला कबड्डीचा राग नाही. आजही २६ जानेवारीला मी मैदानाच्या दोरीला खेटून उभा असतो आणि चुकीच्या निर्णयावर पंचाशी भांडतो.

त्या माणसानं मला बूट दिले होते. पांढरे, निळी पट्टी असलेले, पायापेक्षा एक नंबर मोठे, "वाढत्या वयाचा हाये" म्हणून. तोवर मी अनवाणीच खेळत होतो. माझ्या बाबांना ते इतकं मोठं वाटलं की ते पायलीभर तुरीची दाळ घेऊन त्याच्या घरी गेले. मी सोबत होतो. ओट्यावर उभं राहून बाबा म्हणाले, "पोरगं तुमच्या हवाली, सर. चामडी तुमची, हाडं आमची." गावात मास्तरला सगळेच असं म्हणायचे.

मग सुट्टीच्या दिवशीचा जादा सराव. मग घोटा मुरगळला म्हणून साहित्याच्या खोलीत मालिश. मग मुक्कामाच्या गावी "तुला ताप आहे, तू माझ्या खोलीत झोप." जबरदस्ती म्हणावी असं काही वरून दिसतच नाही. वरून दिसतो तो एका गरीब पोरावर जीव लावणारा शिक्षक. पोरालाही आतून असंच वाटत असतं, आणि त्याच वेळी अंगावर काटा येत असतो. या दोन्ही गोष्टी एकाच मनात कशा राहतात ते मला आजही नीट सांगता येत नाही. आयोडेक्सचा वास आला की मी अजून खोलीबाहेर जातो. बायकोनं कधी कारण विचारलं नव्हतं, तिनं डबी आणणं बंद केलं.

कितीतरी वर्षं मला वाटायचं की हे आमच्याच मैदानावर घडलं. मग मोबाइल आला, रात्री वाचत पडायची सवय लागली आणि एकदा शेल्डन केनेडीबद्दल वाचलं. कॅनडाचा आइस हॉकी खेळाडू. डोळ्यात आधी भरलं ते हे की हा कास्तकाराचा पोरगा, मॅनिटोबा प्रांतातल्या एल्कहॉर्न गावाकडच्या शेतावर वाढलेला. आमच्याकडे जसं पोरांना भरतीचं वेड, तसं तिकडे हॉकीचं. ग्रॅहम जेम्स नावाच्या प्रशिक्षकानं त्याला किशोरवयात हेरलं. १९८९ साली जेम्सच्या स्विफ्ट करंट या संघानं ज्युनियर हॉकीतला मानाचा मेमोरियल कप जिंकला आणि हॉकीच्या नामांकित नियतकालिकानं जेम्सला वर्षाचा मानकरी ठरवलं. त्याच वर्षांत तो माणूस हाताखालच्या पोरांची आयुष्यं नासवत होता. केनेडी पुढे एनएचएलमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यांत मोठ्या लीगमध्ये खेळला, दारूत बुडाला, आणि १९९६ मध्ये पोलिसांकडे गेला. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सनं गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली साडेतीन वर्षांची. पुढे २००७ मध्ये त्याला सरकारी माफीही मिळून गेली होती. ते बाहेर आलं २०१० मध्ये, गदारोळ झाला आणि माफीचे नियम कडक करावे लागले.

१९९८ मध्ये केनेडी चाकांचे बूट घालून अख्खा कॅनडा पार करत गेला आणि अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी पैसा उभा केला. पेपरात येतं ते हेच. मला मात्र त्यानंतरचं काम मोठं वाटतं. त्यानं एका सहकाऱ्याबरोबर प्रशिक्षक आणि पालकांसाठी शिकवणीच तयार केली, आणि तिचा भर गुन्हेगारावर कमी, शेजारी उभं राहून काही न बोलणाऱ्यावर जास्त. हे वाचलं आणि आमच्या मैदानावरचे सगळे शेजारी डोळ्यासमोर आले. शिपाई, जो संध्याकाळी खोलीला कुलूप लावायला यायचा आणि आत उजेड पाहून परत फिरायचा. दुसरे एक गुरुजी, जे आम्हाला विनाकारण लवकर घरी पिटाळायचे. त्यांना कळलं होतं असं मला आज वाटतं. त्यांनी हातात होतं तेवढं केलं, फक्त ते फार थोडं होतं.

अमेरिकेतला लॅरी नासर जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर होता. उपचाराच्या नावाखाली तो मुलींवर अत्याचार करायचा, कधी तर आई त्याच खोलीत बसलेली असताना, तिला दिसणार नाही असा आडोसा करून. "मी तर जवळच असतो" म्हणणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम सांगतो. २०१६ मध्ये रेचल डेनहॉलंडर ही माजी जिम्नॅस्ट नाव आणि चेहरा घेऊन पुढे आली, आणि जानेवारी २०१८ मध्ये शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून जास्त जणींचं म्हणणं सात दिवस न्यायालयानं ऐकून घेतलं. सगळ्यांत शेवटी ती बोलली.

पण मला सगळ्यांत जास्त लागली ती रुचिका गिरहोत्राची हकीकत, आणि त्यातही तिच्या मैत्रिणीची. १२ ऑगस्ट १९९०, हरियाणातलं पंचकुला. रुचिका १४ वर्षांची, टेनिस खेळायची. राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष एस. पी. एस. राठौर हा पोलीस महानिरीक्षक. त्यानं तिचा विनयभंग केला, आणि ते आराधना प्रकाश या तिच्या मैत्रिणीनं पाहिलं. तक्रार केल्यावर रुचिकाला शाळेनं काढलं. भावावर गाड्या चोरल्याचे गुन्हे पडले. डिसेंबर १९९३ मध्ये तिनं विष घेतलं. राठौर बढती घेत पोलीस महासंचालक झाला. निकाल लागला डिसेंबर २००९ मध्ये: सहा महिने कैद, एक हजार रुपये दंड. पुढे ती शिक्षा दीड वर्षाची झाली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवून भोगलेल्या कैदेवरच त्याला मोकळं केलं. १९ वर्षं आराधना आणि तिचे आईवडील कोर्टाच्या तारखा करत राहिले. मुलगी त्यांची नव्हती. ज्या पोरीवर बेतलं ती गेली, पण त्या दिवशी तिच्याबरोबर दुसरी कोणी होती, म्हणून तो खटला तरी उभा राहिला. दुसरी नसती तर १९९० सालीच सगळं मिटलं असतं.

पोरांच्या बाबतीत तर तेवढंही होत नाही. "पोट्ट्याले काय होते?" हे वाक्य मी सरपंचाच्या तोंडून ऐकलंय, पोलीस पाटलाच्या तोंडून ऐकलंय, एका डॉक्टरच्याही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच निघालं. महाराष्ट्र त्या १३ राज्यांत होता. हा आकडा मी सभेत सांगितला की बाया माझ्याकडे पाहतात आणि पुरुष जमिनीकडे.

माझ्या वेळी मुलग्यासाठी कायद्यात अनैसर्गिक संभोगाच्या ३७७ कलमाशिवाय काही नव्हतं, आणि ते कलम कोणाला माहीत होतं! बोललो मी फार उशिरा. त्याला कारण घडलं एक पावतीबुक.

तो माणूस निवृत्त झाला तेव्हा शाल-श्रीफळ झालं, वारला तेव्हा पंचक्रोशी लोटली. पुढच्या हिवाळ्यात मंडळानं ठरवलं की २६ जानेवारीच्या खुल्या सामन्यांना त्याच्या नावाचा स्मृतिचषक ठेवायचा. वर्गणी मागायला पोरं डाकघरात आली. पावतीवर त्याचा फोटो, फेटा बांधलेला. मी पावती फाडू दिली नाही. रात्री मंडळाच्या अध्यक्षाला पत्र लिहिलं: या चषकाला हे नाव देऊ नका, आणि का देऊ नका ते दोन ओळींत. अध्यक्षाचं घर डाकघरापासून हाकेच्या अंतरावर, पण तोंडानं सांगणं जमलं नसतं. पाकीट रजिस्टर केलं. ते तालुक्याला जाऊन, तिथून फिरून, परत माझ्याच थैलीत आलं. मीच ते त्यांच्या दारी नेऊन दिलं आणि पोच घेतली. सही करताना ते म्हणाले, "कोणाचं हाये बे?" म्हटलं, माझंच.

मग व्हायचं ते झालं. मेलेल्या माणसाचं कायले उकरून राहिला. दोन लेकरांचा बाप होऊन अशा गोष्टी करतो. पैशासाठी असन. गावाचं नाव खराब. एकानं तर डाकघरातलं खातं बंद करायचा अर्ज आणून दिला. मी तो नियमाप्रमाणे मंजुरीला पाठवला. बायको त्या दिवसांत माझ्याबरोबर विहिरीपर्यंतसुद्धा यायची, मुद्दाम, सगळ्यांना दिसावं म्हणून. बाबा काहीच बोलले नाहीत. तूर कापणीवर आली होती. संध्याकाळी धुऱ्यावर विळा पुसत बसले होते, मी डबा घेऊन गेलो, तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी त्याले दाळ नेऊन देल्ली होती." एवढंच. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही.

त्या वर्षी चषक त्याच नावानं झाला. सामने चालू असतानाच मला एका जुन्या सोबत्याचा फोन आला. आमच्या संघातला रेडर, आता दुसऱ्या जिल्ह्यात पोलीस खात्यात. बराच वेळ पीकपाण्याचं बोलला. शेवटी म्हणाला, "तू लिहिलं ते खरं हाये असं मी अध्यक्षाले सांगतलं. माहंही नाव सांगतलं." दुसऱ्या वर्षी बॅनरवर "ग्रामपंचायत चषक" आलं. कोणी माफी मागितली नाही, बैठकही झाली नाही. छापखान्यात फोटो गेला नाही, इतकंच.

नाव उतरलं म्हणून मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. त्याच दिवशी मैदानावर नवा एक उत्साही तरुण पोरांना शिकवत होता, चांगला पोरगा, आणि साहित्याच्या खोलीची चावी त्याच्या कमरेला होती. माणूस बदलला होता, रीत तीच. मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो आणि एकच मागणी केली: मुक्कामाला संघ गेला की शिक्षकाच्या तिकिटाबरोबर दुसरं एक तिकीट काढायचं, पोरांपैकी कोणाच्या तरी आईचं किंवा बापाचं.

बाई लगेच तयार. अडलं ते पैशावर, आणि तिकिटाच्या पैशावर नव्हे. शालेय स्पर्धा रंगात येतात त्या दिवाळीच्या आगेमागे, आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते. वेचणी किलोवर. जी बाई संघासोबत दोन दिवस जाईल तिची दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि हंगामातले ते दोन दिवस म्हणजे घरातलं तेल-मीठ. पोरांच्या सुरक्षेवर भाषण ठोकणं सोपं असतं, पण त्या बाईची मजुरी कोण देणार, या एका प्रश्नावर आमच्या तीन गावांतल्या सभा अडकून पडल्या. शेवटी वाट काढली बचत गटाच्या बायांनीच. गटातून बुडालेली मजुरी द्यायची आणि ती वर्गणीतून भरून काढायची. कबड्डीच्या बॅनरला, डीजेला वर्गणी निघते, मग याला का नाही, असं एका आजीनं विचारलं. उत्तर कोणाजवळ नव्हतं.

पहिल्यांदा गेलेली बाई तालुक्यापलीकडे कधी गेली नव्हती. तिनं ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि तिळाची चटणी बांधून घेतली, स्वतःची वाकळ घेतली. मंगल कार्यालयात पोरी भिंतीकडे झोपल्या आणि हिनं वाकळ टाकली ती थेट उंबरठ्याला आडवी. ट्यूबलाइट बंद करू दिली नाही. रात्री कोणी पाण्याला उठलं तर तिला ओलांडून जावं लागायचं. पोरींनी आल्यावर कुरकुर केली की काकीच्या उजेडानं झोप झाली नाही म्हणून हरलो. हरण्याचं खरं कारण समोरचा संघ होता, पण असो.

नाराज झाले ते चांगले शिक्षक. एक क्रीडा शिक्षक, सरळ माणूस, पदरमोड करून पोरांना अंडी-केळी खाऊ घालणारा, मला म्हणाला, "म्हणजे आता आमच्यावर पहारा का?" त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, सर, उद्या कोणी तुमच्यावर खोटा आळ घेतला तर तुमच्या बाजूनं सांगायला कोण आहे? ते आठवडाभर बोलले नाहीत. मग त्यांनीच नियम वाढवले. मालिश, पट्टी, बर्फ जे काही करायचं ते मैदानात, सगळ्यांसमोर. खोलीची चावी शाळेच्या कार्यालयात. पोरांना रात्री एकेकट्यानं मेसेज नाही, जे सांगायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. आणि प्रमाणपत्र मैदानावरच पोराच्या हातात, कपाटाचा संबंधच नाही. हा शेवटचा नियम ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दहावी होईपर्यंत माझी प्रमाणपत्रं त्या माणसाच्या कपाटात होती.

कायद्याचं मी थोडक्यात सांगतो, पण ठासून सांगतो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, लागू आहे. अठरा वर्षांखालचं मूल, मुलगा असो की मुलगी. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा; कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, पोलीस गणवेशात नसावा, शक्यतो महिला अधिकारी असावी. रात्री मुलाला ठाण्यात थांबवायचं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आम्ही मैदानाच्या भिंतीवर पेंटरकडून लिहून घेतला, गुणफलकाच्या बाजूला.

हे सगळं असूनही गावात पहिली बैठक तंटामुक्ती समितीची बसते. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हापासून बांधाची, नालीची, भावाभावांची भांडणं गावातच मिटवायची चांगली सवय लागली, आणि त्याच सवयीनं हेही मिटवायला घेतात. पोरीच्या बापाला पैसे, मास्तराची बदली, सगळ्यांनी चहा घेतला, झालं. हा तंटाच नाही, हा मिटवायचा अधिकार गावाला नाही आणि मिटवायला बसलेले सगळे पोक्सोच्या कलम १९ (पोलिसांना कळवायची सक्ती) आणि २१ मध्ये अडकू शकतात, हे मी समितीच्या अध्यक्षांना घरोघरी जाऊन सांगितलं आहे. पटून ऐकतात की भीतीनं, याचा मी विचार करत नाही.

शाळांमध्ये २०२२ पासून मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती फळ्यावर नावं लिहिण्यापुरती असते, पण निदान फळा दाखवून विचारता येतं. भरती अकादम्यांना तर फळाही नाही. टिनाचं शेड, एक दोर, एक शिट्टी आणि बाहेर मोठा फ्लेक्स, की अकादमी तयार. तिथं सोळा-सतरा वर्षांची पोरं-पोरी मुक्कामाला असतात आणि शिकवणारा कोण, कुठून आला, त्याच्यावर आधी काही गुन्हा होता का, हे विचारणारं कोणी नाही. २०२३ मध्ये पदकविजेत्या पैलवान बाया लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, त्यांना गुन्हा नोंदवून घ्यायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आमच्या तालमीतल्या पोरांनी ते सगळं मोबाइलवर पाहिलं. ऑलिम्पिकचं पदक असलेल्या साक्षी मलिकचं ऐकत नाहीत, तर आपलं कोण ऐकेल, हा धडा त्यांनी त्यातून घेतला, आणि त्यांना खोटं पाडायला माझ्याजवळ काही नव्हतं. २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात सुरक्षित खेळाचं धोरण आहे. चांगलं आहे. पण तो राष्ट्रीय संघटनांपासून सुरू होतो, आणि आमचं टिनाचं शेड तिथून फार लांब आहे. तोवर मी टपाल देता देता शेडात डोकावतो. रजिस्टर मागतो. अधिकार काही नाही, पण खाकी थैली पाहून बरेच जण देतात.

पोलिसातला तो सोबती दर हंगामाला फोन करतो. अध्यक्षाला नाव सांगितलं ते तेवढंच, त्याच्या घरी अजून कोणाला माहीत नाही आणि ते तसंच राहावं अशी त्याची इच्छा आहे. सभेला ये असं मी त्याला कधी म्हणत नाही. त्याचं ठरलेलं असतं, "माहं नाव कुठी घेजो नको. औंदा मजुरीचे किती लागतेत तेवढं सांग." मग रक्कम बचत गटाच्या खात्यात येते.

यंदा त्यानं पहिल्यांदाच खेळाचं विचारलं. "पोट्टे जिंकले का?"

म्हटलं, पोट्टे तालुक्यातच गारद. पोरी मात्र विभागाला चालल्या, अमरावतीला. दोन मुक्काम आहेत.

"मंग तं दोन बाया पाठवा लागतीन," तो म्हणाला. "वेचणीचा भाव काय चालू हाये तिकडे?"